बशीतले जंतू, तोंडातले जंतू

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात किराणा दुकानाच्या एका फळीवर दात घासायच्या वस्तूंच्या पाच पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. लाल मंजन, पांढरी पावडर, दहा रुपयांची फ्लोराइडवाली ट्यूब, कडुनिंब-लवंगेची हर्बल पेस्ट, अलीकडे आलेली कोळशाची काळी पेस्ट. आणि जरा आडोशाला तपकिरीचा डबा, जो दातांसाठी म्हणून विकला जात नाही पण दातांना लावण्यासाठीच नेला जातो. जवळजवळ प्रत्येक खोक्यावर जंतूंचा उल्लेख आहे. साहजिकच गिऱ्हाईक विचारतं, यातली जंतू मारायला सगळ्यात चांगली कोणती?

या प्रश्नावर दोन माणसांचं बोलणं इथे मांडतो आहे. मामा दुकान चालवतात आणि स्वतः मात्र रोज कडुनिंबाची काडी चावतात. भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि सुट्टीत मामाकडे आली आहे. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. जिथे मला गप्प बसवलं नाही, तिथे मध्ये बोललो आहे.

मामा : तुमच्याकडे म्हणे पेस्टची परीक्षा घेतात. मग सरळ सांग ना माय, पहिला नंबर कोणाचा? तीच ठेवतो दुकानात, बाकीचा पसारा कमी करतो.

भाची : परीक्षा घेतात, पण तिच्यात विचारतात काय, ते आधी ऐका. काचेच्या चपट्या बशीत अगारचा थर ओततात. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली खळ, जंतूंचं खाणं घालून गोठवलेली. तिच्यावर जंतू पसरतात. दात किडवणारा मुख्य जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ साली क्लार्क नावाच्या संशोधकाने किडलेल्या दातांतून वेगळा काढलेला. त्याला हवेतला प्राणवायू फारसा मानवत नाही, म्हणून काही ठिकाणी बश्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवतात आणि झाकण लावतात. ती विझते तेव्हा आतली हवा त्याला हवी तशी झालेली असते. त्याआधी अगारात गोल भोकं पाडून त्यांत पाण्यात कालवलेली पेस्ट भरायची. मग चोवीस तास सदतीस अंशांवर. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसतं. ते पट्टीने मोजायचं. ज्याचं कडं मोठं, त्याचा नंबर पहिला.

मामा : मग झालं की. यात अडलं कुठे?

भाची : तुम्हीच सांगा, कुठे अडलं असेल.

मामा : त्या बशीत दात होते का?

भाची : नव्हते.

मामा : लाळ?

भाची : ती पण नव्हती.

मामा : आणि चोवीस तास पेस्ट तोंडात धरून बसणारा एक तरी माणूस तू पाहिलास का? इथे पोरं नळाखाली ब्रश भिजवतात, चार वेळा फिरवतात आणि चूळ भरून शाळेत पळतात.

मामांचे हे तीन प्रश्न कुठल्याही शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारावेत असे आहेत. बशीतल्या चाचणीची ताकद आणि तिची मर्यादा एकाच गोष्टीत आहे: तिने तोंड बाजूला ठेवलेलं असतं, म्हणून ती सोपी आणि स्वस्त होते. जगभरातल्या महाविद्यालयांत विद्यार्थी ही चाचणी करतात, वेगवेगळ्या पेस्टचे वेगवेगळे क्रम लागतात, आणि मग कुठेतरी बातमी येते की अमुक पेस्ट जंतूंवर सर्वांत प्रभावी. बातमीत कडं मोठं का आलं ते नसतं.

भाची : कडं मोठं येण्याचं एक कारण तर अगदी साधं आहे. जो पदार्थ अगारात लांबवर पसरतो, त्याचं कडं मोठं. जो पसरत नाही, त्याचं लहान, मग तो कितीही जालीम असो. दुसरं कारण म्हणजे फेस. बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं, शाम्पूतही तेच असतं. ते साबणासारखं काम करतं आणि जंतूंचं बाहेरचं आवरण फोडतं. तेव्हा कडुनिंबाच्या पेस्टभोवती कडं आलं, तर ते कडुनिंबाने आलं की फेसाने? हे ठरवायचं तर तीच पेस्ट कडुनिंब न घालता बनवून शेजारच्या भोकात भरायला हवी. दुकानातून ट्यूब आणून हे कळत नाही.

मामा : म्हणजे माझ्या कडुनिंबाचं श्रेय तू साबणाला देतेस?

भाची : तुमच्या काडीचं नाही, ट्यूबवर छापलेल्या पानाचं. कडुनिंबाच्या अर्काने प्रयोगशाळेत जंतू वाढायचे थांबतात, हे खरं आहे. लवंगेतल्या युजेनॉलने थांबतात. बाभळीच्या सालीतली तुरट द्रव्यंसुद्धा काम करतात. प्रश्न आहे तो ट्यूबमध्ये ते किती आहे, आणि दोन मिनिटांत ते दातावरच्या थरात शिरतं का.

मामा : थर कसला?

भाची : सकाळी उठल्यावर जीभ दातावर फिरवली की खरखरीत, बुळबुळीत लागतं ना, तो. त्याला प्लाक म्हणतात. तो नुसता अन्नाचा चिकटा नाही, जंतूंची वस्ती आहे. माणसाच्या तोंडात जंतूंच्या सातशेहून जास्त जाती सापडल्या आहेत. ते सुटे पोहत नाहीत. दाताला चिकटतात, एकमेकांना चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. आपण उसाच्या पट्ट्यातले लोक, म्हणून हे मुद्दाम सांगते: ते आवरण बनवायला म्युटन्सला सगळ्यात सोयीचा माल म्हणजे साखर, उसाचीच साखर. तिच्यापासून तो न विरघळणारा डिंक तयार करतो आणि त्यात घट्ट बसतो. आत बसलेल्या जंतूला मारायला सुट्या जंतूपेक्षा कैकपट जास्त औषध लागतं.

मामा : आपल्या पाण्याच्या हौदासारखं झालं हे. ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, पाणी चांगलं होतं, पण भिंतीवरचं शेवाळ तसंच राहतं. ते काढायला माणूस आत उतरवून खराटाच मारावा लागतो.

भाची : अगदी तेच. आणि हे पहिल्यांदा ज्याने पाहिलं, तो तुमच्यासारखाच दुकानदार होता.

मामा : कोण?

भाची : आंतोनी व्हान लेव्हेनहूक. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक करायचा. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की मी रोज सकाळी मिठाने दात घासतो, काडीने दाढा साफ करतो, फडक्याने पुसतो, माझे दात इतरांपेक्षा स्वच्छ आहेत. तरीही दातांच्या फटीत पांढरं काहीतरी राहतंच. ते काढून त्याने भिंगाखाली धरलं, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते.

मामा : मीठ लावूनही?

भाची : मीठ लावूनही. पुढे त्याने आणखी मजेशीर गोष्ट केली. व्हिनेगर, म्हणजे आपला सिरका, त्या जंतूंवर बाहेर काढून टाकला तर ते लगेच मेले. मग त्याने सिरका तोंडात घेऊन दात धुतले आणि पुन्हा फटीतला मळ काढून पाहिला. आत जंतू जिवंत होते. त्याने अनुमान काढलं की सिरक्याने थराच्या बाहेरचेच जीव मेले, तो आत शिरलाच नाही. हे १६८४ च्या सुमाराचं. बशीतली चाचणी आणि तोंडातली चाचणी यांत फरक असतो, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

लेव्हेनहूकची ही गोष्ट जंतुनाशक पेस्टच्या सगळ्या चर्चेच्या सुरुवातीला ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं. एका माणसाने, कुठलंही विद्यापीठ न पाहता, आधी बाहेर तपासलं, मग तोंडात तपासलं, आणि दोन्हींचं उत्तर वेगळं आल्यावर ते लपवलं नाही. आज खोक्यावर ९९ टक्के जंतू मेल्याचं वाचताना एवढंच विचारायचं: कुठल्या जागी, किती वेळात, सुटे की थरातले?

मामा : मग माझंच खरं ठरलं. जंतू मारणं हे कामच नाही, थर खरवडणं हे काम. आणि ते माझी काडी करते. चावून चावून तिचा कुंचला होतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येत हेच लिहिलंय: रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांची काडी, बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, आणि घासताना हिरडी दुखवायची नाही.

भाची : हिरडी दुखवायची नाही हे तुम्ही लक्षात ठेवलंत, त्यासाठी तुमच्या पाया पडते. लोक काडी घेतात आणि हिरडीवर करवत चालवतात. काडीला मी कमी लेखत नाहीच. पीलूच्या काडीला, जिला मिसवाक म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात पाठिंबा दिला होता. नीट वापरली तर ती समोरच्या दातांवरचा थर ब्रशइतका काढते. पण आरशासमोर उभे राहा आणि वरच्या मागच्या दाढेची आतली बाजू काडीने घासून दाखवा.

मामा : …तिथे पोचत नाही ती.

भाची : आणि कीटण तिथेच साठतं.

मामा : बरं, तू थर काढण्याचं म्हणतेस, मग त्यात पेस्टचा वाटा किती?

भाची : थर काढण्यात? जवळजवळ शून्य. हॉलंडच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यावरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या ओल्या ब्रशने घासलं काय आणि पेस्ट लावून घासलं काय, निघणाऱ्या थरात फरक पडत नाही. काम करतात ते ब्रशचे केस आणि हात. त्याआधी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा साफसफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या.

मामा : (हसत) मग ह्या फळीवरच्या ट्यूबा मी परत पाठवतो. माझं मत पहिल्यापासून हेच. पेस्ट म्हणजे फेस, पुदिन्याचा वास आणि जाहिरात. मंजन, आयुर्वेदिक पेस्ट, ती निदान औषधं तरी आहेत.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण मंजन औषध की प्रसाधन हा वाद महाराष्ट्रातून खरोखरच दिल्लीपर्यंत गेला होता. नागपूरच्या अबकारी खात्याने बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला आयुर्वेदिक औषधाची करसवलत नाकारली, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याचं म्हणणं उचलून धरलं: सामान्य माणूस हे मंजन रोजच्या साफसफाईची वस्तू म्हणून घेतो, आजारावरचं औषध म्हणून घेत नाही. उलट केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विकोच्या वज्रदंतीबाबत निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि ती औषध ठरली. दोन्ही खटले कराचे होते. कोणत्या वस्तूवर कुठला परवाना आणि कुठला कर, हे त्यांतून ठरलं. थरातल्या जंतूंचं काय होतं, हे कोणी विचारलं नव्हतं आणि न्यायालयाचं ते कामही नव्हतं. म्हणून खोक्यावरच्या 'आयुर्वेदिक औषध' या शब्दांवरून परिणामाचा अंदाज बांधू नये.

भाची : मामा, ट्यूबा परत पाठवू नका. पेस्टचं खरं काम वेगळंच आहे. जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, ते काही आपण पूर्ण थांबवू शकत नाही. तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ ते हळूहळू परत भरते. फ्लोराइड हजर असेल तर ही भरपाई लवकर होते, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जास्त टिकतो. फ्लोराइड जंतूंच्या आम्ल बनवण्यातही थोडा अडथळा आणतं, पण मुख्य काम दातावर आहे. बशीत दातच नसतो, म्हणून बशीला फ्लोराइडची किंमत कळतच नाही. लहान कडं येतं आणि पेस्ट खालच्या नंबरावर जाते.

मामा : याला पुरावा काय? तुझी बशी नको.

भाची : मुलांच्या तोंडातला पुरावा. सत्तर चाचण्या, बेचाळीस हजारांवर मुलं. कॉक्रेन संस्थेने २००३ मध्ये त्यांचा एकत्र हिशोब केला: फ्लोराइडच्या पेस्टने घासणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांत कीड सरासरी २४ टक्के कमी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तुमच्या फळीवरची दहा रुपयांची साधी पांढरी ट्यूब त्या यादीत बसते. महागडी कोळशाची बसत नाही.

मामा : अगं, पण फ्लोराइड विष आहे, हे मी पण वाचलंय. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने लोकांचे दात पिवळे-तपकिरी झाले, हाडं वाकली. आणि तू तेच पोरांच्या तोंडात घालायला सांगतेस?

भाची : ते अगदी खरं आहे, आणि त्या गावांचं दुखणं मोठं आहे. पण आकडा पाहा. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्या गावांत पाण्यात त्याहून कितीतरी जास्त असतं, आणि उन्हाळ्यात शेतावरचा माणूस चार-पाच लिटर पाणी पितो, तेही जन्मभर. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत हजार भाग, म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅम भरते. पोराने ती सगळीच्या सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती बघून लावायची नाही. आणि ज्या गावात पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहान मुलांसाठी दंतवैद्याला विचारूनच ठरवायचं.

मामा : म्हणजे कंपनीला कमी पेस्ट खपलेली चालणार नाही, पण दाताला कमीच पुरते.

भाची : दाताला रोज पुरते. आणखी एक सांगते, तुम्हाला आवडणार नाही. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही.

मामा : छे! तोंडात फेस ठेवून चहा प्यायचा?

भाची : चहा थोड्या वेळाने प्या. भरपूर पाण्याने चूळ भरली की फ्लोराइड पाण्याबरोबर मोरीत जातं. राहिलं तर लाळेत मिसळून काम करत राहतं. आणि रात्री झोपण्याआधीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ हाच तोंडाचा पहारा आहे.

मामा : रात्री घासून पुन्हा काही खायचं नाही, हे गावात कोण ऐकणार? पोरं उशाशी बिस्किटांचा पुडा घेऊन झोपतात.

भाची : म्हणूनच त्यांच्या दाढा काळ्या आहेत. तुमचे वडील म्हणजे आमचे आजोबा, ऐंशीव्या वर्षी भुईमूग दाताने फोडायचे, हे तुम्ही काडीचं यश म्हणून सांगता. त्यांच्या ताटात साखर किती होती? सणाला गोड, एरवी भाकरी-भाजी. एकदा गोड खाल्लं की काही मिनिटांत तोंडातलं आम्ल वाढतं आणि खाली यायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर थोडा थोडा साखरेचा चहा घेत राहिलं तर दाताला सुटका कधी मिळणार? त्यावर जगातली कोणतीही जंतुनाशक पेस्ट उपाय नाही.

मामा : जंतुनाशक म्हणून खास विकतात त्या पेस्टचं काय मग? सगळीच खोटी?

या प्रश्नाचं उत्तर 'खोटी' असं नाही, आणि भाचीने ते तसं दिलंही नाही. ट्रायक्लोसान नावाचं जंतुनाशक कोलगेट टोटलमध्ये होतं. नुसतं ट्रायक्लोसान चूळ भरताच निघून जातं, म्हणून त्याच्यासोबत एक चिकट बहुवारिक घातलं होतं, जे त्याला दातांवर आणि हिरड्यांवर तासन्‌तास धरून ठेवी. मारण्याच्या ताकदीइतकीच टिकून राहण्याची ताकद लागते, हे त्यातून सिद्ध झालं. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात फ्लोराइडच्या साध्या पेस्टशी तुलना करता अशा पेस्टने थर सुमारे २२ टक्के आणि हिरड्यांतून रक्त येणं सुमारे ४८ टक्के कमी झालेलं दिसलं. किडीत मात्र फरक किरकोळ होता. म्हणजे परिणाम खरा होता, हिरड्यांसाठी तर चांगलाच. पण ट्रायक्लोसान नद्यांच्या पाण्यात उतरत होतं, जंतू त्याला सरावण्याची भीती होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ते हात धुण्याच्या साबणांतून हद्दपार केलं आणि २०१९ मध्ये कंपनीने पेस्टमधूनही काढलं. त्याच्या जागी आता जस्ताची संयुगं आहेत. काही पेस्टमध्ये स्टॅनस फ्लोराइड असतं, जे दाताचं आणि हिरडीचं अशी दोन्ही कामं काही प्रमाणात करतं. ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, त्यांना याचा उपयोग होऊ शकतो.

भाची : आणि सगळ्यात जालीम म्हणाल तर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या. दातांना चिकटून बारा तासांपर्यंत काम करतात. पण त्या दंतवैद्याने सांगितल्या तेवढेच दिवस घ्यायच्या. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते.

मामा : आणि बाकीच्या जातींचं काय? सातशे म्हणालीस. सगळेच चोर नसतील त्यात.

भाची : नाहीतच. आपण पालेभाजी खातो, तिच्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जंतू जिभेवर राहतात, आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार करतं. २०१३ मध्ये लंडनला निरोगी माणसांना सात दिवस क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या, तर त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वाढला.

मामा : बघ! मग मी कोणाला मारायला निघालो होतो?

भाची : मारायचं नाहीच. थर रोज मोडायचा, म्हणजे वस्ती जुनी आणि दाट होत नाही. दाताला फ्लोराइड द्यायचं. साखर जेवणाच्या वेळेपुरती ठेवायची. तुमची सकाळची काडी चालू ठेवा, मी सोडा म्हणत नाही. पण रात्री मऊ ब्रश आणि ती दहावाली ट्यूब. ब्रश फुलोऱ्यासारखा पसरला की टाकून द्यायचा. आणि हर्बल घ्यायचीच असेल तर मागच्या बारीक अक्षरांत सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट आहे का पाहायचं, आणि तारीख पाहायची. जुन्या ट्यूबमध्ये कामाचं फ्लोराइड कमी होत जातं.

मामा : बारीक अक्षरं गिऱ्हाईक वाचत नाही. मीच वाचून फळी लावतो. फ्लोराइडवाल्या समोर, बाकीच्या मागे.

भाची : आणि तो डबा?

मामा : तपकीर? ती दातांची वस्तू नाही.

भाची : मामा.

मामा : नाही तर काय! सरकारने तंबाखूचं मंजन बंद केलं, ते मला ठाऊक आहे. डब्यावर कुठेही दात घासा असं लिहिलेलं नाही.

मामा म्हणतात ते कायद्याच्या अक्षरात बसतं. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती कायम केली. पण तंबाखू तव्यावर काळी भाजून घरी कुटलेली मिसरी कुठल्या दुकानातून येत नाही, आणि तपकीर मंजन म्हणून विकली जात नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. पुरुषांची गायछाप दिसते, बायकांची मिसरी दिसत नाही, कारण ती दात घासण्यात मोजली जाते. दातांच्या नावाखाली तोंडात जाणाऱ्या सगळ्या वस्तूंत हीच एक अशी आहे जी माणूस मारते, आणि जंतूंच्या चर्चेत तिचं नावच निघत नाही, याचा मला राग येतो.

भाची : ती लावली की हिरडीचं दुखणं बधिर होतं, म्हणून बायकांना वाटतं दात साफ झाले. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आतून बिघडत असली तरी रक्त कमी दिसतं. थर तसाच. वर कॅन्सरची वाट मोकळी.

मामा : मी डबा ठेवला नाही तर त्या शहाद्याच्या बाजारातून आणतील. सवय वीस-वीस वर्षांची आहे, माय. सकाळी लावल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही, डोकं चढतं.

भाची : ते व्यसन आहे, तेव्हा एका दिवसात सुटणार नाही, हे मलाही कळतं. सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तो नंबर डब्याच्या जागी लिहून लावा. आणि मागायला येईल तिला दोन गोष्टी विचारा: तिखटाने तोंडाची आग होते का, आणि गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा, लाल चट्टा आहे का, जो पंधरा दिवसांत गेला नाही. हो म्हणाली तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायची. सुरुवातीला कळलं तर उपचार सोपे असतात.

मामा : तुझी मामी हल्ली ठेचा खात नाही.

भाची : कधीपासून?

मामा : पोळ्याच्या आसपास सोडला तिने. मला वाटलं, वयोमानाने तिखट सोसत नसेल.

भाची : मिसरी लावते ती?

मामा : दोन वेळा. सकाळी आणि भांडी झाल्यावर.

भाची : मग उद्याच जाऊ आपण. सकाळच्या एसटीने निघालो तर ओपीडी गाठता येईल. तिला आत्ता घाबरवू नका, दात दाखवायला जातोय एवढंच सांगा, आणि दुकान कोणाकडे सोपवायचं ते आज रात्रीच ठरवा.